चौदा नंबरच्या बसमधला सन्मान

माजी सैनिकांना शहर बससेवेत मोफत प्रवास देण्याचा निर्णय झाला, तेव्हा चौदा नंबरच्या बसचा कंडक्टर या नात्याने मला मनापासून आनंद झाला. एक तिकीट कमी फाडायचं, म्हणजे बोटांना तेवढाच आराम. आणि माझ्या बसला माजी सैनिक होते एकच. दर गुरुवारी अडीचच्या फेरीला येणारे काका.

काकांनी सव्वीस वर्षं लष्करात काढली होती. ते अकराव्या थांब्यावर उतरत. तिथल्या शुश्रूषागृहात त्यांची थोरली बहीण असायची आणि भेटीची वेळ होती तीन ते चार. "ताई पावणेतीनपासून खिडकीत बसते," काका सांगायचे. "उशीर झाला की बोलत नाही. वय ब्याऐंशी, पण रुसणं आठ वर्षांच्या पोरीचं."

पहिल्या गुरुवारी काकांनी कागद दाखवला, मी मान डोलावली आणि काका खिडकीशी जाऊन बसले. सरकारी योजनेत काम इतकं सरळ होणं हे काही बरं लक्षण नव्हतं. सोमवारी परिपत्रक आलंच.

'मोफत' या शब्दाने लाभार्थ्याचा अवमान होतो, सबब यापुढे त्यास 'सन्मानप्रवास' असे संबोधावे, असं त्यात म्हटलं होतं. सन्मानप्रवास सन्मानाविना झाल्याचे आढळल्यास वाहकास जबाबदार धरण्यात येईल, असंही होतं. त्यानुसार ड्रायव्हरमागचं आसन पितळी पाटी ठोकून राखीव झालं. काकांच्या खांद्यावरून घालायला एक रुंद जांभळा सन्मानपट्टा आला. बस सुटल्यावर सर्व प्रवाशांनी उभं राहून एक मिनिट टाळ्या वाजवायच्या आणि तसं घडल्याची नोंद मी दोन प्रतींत करायची.

"अहो कंडक्टर, मला नुसतं बसायचंय हो," काका म्हणाले.

"काका, नुसतं बसण्याचं कलमच नाही."

पंधरा दिवसांनी ही परिपत्रकं काढणाऱ्या समितीला प्रश्न पडला, की या सन्मानातून इतर प्रवाशांच्या पदरात काय पडतं? दुसरं परिपत्रक निघालं. लाभार्थ्याने प्रवासात स्वतःच्या शौर्याचा एक प्रसंग कथन करावा, प्रवाशांनी त्यास दहापैकी गुण द्यावेत, आणि कथन चालू असताना वाहकाने घंटी वाजवून व्यत्यय आणू नये.

"पण मी शिंपी होतो," काका म्हणाले. "सव्वीस वर्षं गणवेश शिवले मी."

"मग त्यातलंच काहीतरी शौर्याचं सांगा."

काकांनी सांगितलं. संचलनाला दहा मिनिटं उरलेली असताना सेनापतींची विजार मागून टरकली. काढायला वेळ नव्हता. काकांनी सेनापतींना उभ्याउभ्या शिवलं आणि सुई एकदाही आत टोचली नाही. माझ्या मते हे शौर्यच. प्रवाशांनी सरासरी दीड गुण दिला. शाळेतल्या एक बाई रोज या फेरीला असतात, त्यांनी शेरा लिहिला, 'प्रसंगात शत्रू आढळला नाही.'

लगेच तपासनीस आले. पाचपेक्षा कमी सरासरी आली, तर कंडक्टरचा खुलासा मागवू म्हणाले. मी काकांपुढे हात जोडले. "काका, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. थोडासा शत्रू घाला ना."

काका भला माणूस. त्यांनी घातला. पुढच्या गुरुवारी ते दातांत कात्री धरून शत्रूच्या तळात शिरले आणि झोपलेल्या अख्ख्या पलटणीच्या विजारींची बटणं कापून आले. आता शत्रूला बंदूक धरावी की विजार, असा पेच पडणार होता. बस आ वासून ऐकत होती. पण शत्रू डोळे चोळत उठायला आणि अकरावा थांबा यायला एकच गाठ पडली. काका उठले, तर लोकांनी दारच अडवलं. "असे कसे जाता? पुढे काय झालं?"

कथन चालू होतं. घंटी मारायला मला बंदी होती.

सरासरी साडेनऊ आली. काका पंधराव्या थांब्यावर उतरले आणि चालत मागे गेले, तोवर शुश्रूषागृहाचं फाटक बंद झालं होतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी लोकांना शत्रूची शरणागतीही ऐकायची होती. तिला एकोणिसावा थांबा उजाडला.

"भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झालीय," काका मला म्हणाले. "ताईनं खिडकीचा पडदा ओढून घेतला. काल निरोप पाठवलाय, सवड नसेल तर येऊच नकोस म्हणून."

नंतरच्या गुरुवारी काका पट्ट्याशिवाय चढले. हातात मोजून सुटे पैसे होते. "एक अकरावा थांबा."

"काका, तुम्हाला फुकट आहे."

"म्हणूनच तिकीट द्या."

मी तिकीट फाडलं. वीस वर्षांच्या नोकरीत तिकीट फाडताना मला पहिल्यांदा लाज वाटली. तिकीटवाल्याला राखीव आसनावर बसता येत नाही आणि बाकीची बस भरलेली. काका त्या रिकाम्या आसनाशेजारी दांडा धरून खुशीत उभे राहिले.

"आज आपले सैनिक आले नाहीत वाटतं?" शाळेतल्या बाईंनी विचारलं. पट्टा नव्हता, तर काकांना ओळखणार कोण?

"फुकट ते पौष्टिक असतं तोवर येतात," मागून एक गृहस्थ म्हणाले. "किंमत नसते लोकांना."

"अगदी खरंय," काका म्हणाले आणि माझ्याकडे बघून त्यांनी डोळा मिचकावला.

तीनला पाच कमी असताना ते उतरले. खिडकीतून ताई त्यांच्यावर बोट नाचवत काहीतरी चांगलंच सुनावत होत्या. म्हणजे बोलत होत्या. मी मुद्दाम अर्धं मिनिट बस थांबवली.

तेव्हापासून काका दर गुरुवारी तिकीट काढतात. सन्मानही बंद नाही. लाभार्थ्याच्या गैरहजेरीत तो कुणाला द्यावा, असं मी डेपोला लेखी विचारलं होतं. आसनाला द्यावा, असं उत्तर आलं. बस सुटली की सगळे उठतात आणि पितळी पाटीकडे तोंड करून टाळ्या वाजवतात. मागच्या गुरुवारी तुम्हीही होतात. मला चेहरे लक्षात राहतात. सगळ्यांत जोरात टाळ्या तुमच्याच होत्या. आणि समोर दांड्याला धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला तुम्ही म्हणालात, "काका, जरा बाजूला सरका ना, सन्मान दिसत नाहीये."