चिखल बी माझा

दगडूआबांविषयी लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. कुणी त्यांचा विषय काढला की मला टाकीत पाणी आलं का ते बघायला जावंसं वाटे. आता आबा नाहीत. पण आमच्या कॉलनीत त्यांच्याबद्दल अजून जे बोललं जातं ते खोटं आहे, आणि ते पहिल्यांदा बोललेला माणूस मी आहे.

आबा आपली गाडी कुणालाही देत. साधी गाडी नव्हे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांनी नदीकाठचा उसाचा तुकडा विकला आणि एक फिरतं घर आणलं. आत पलंग, शेगडी, बेसिन, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. तेवढ्या पैशात कराडात लोक घर बांधतात. ही गाडी ते ओळखीच्याला देत, अनोळख्यालाही देत, आणि भाडं विचारलं तर रागावत.

एकदा लोणंदचं एक नवं जोडपं पत्ता चुकून कॉलनीत आलं. कोकणात फिरायला निघालं होतं. आबांनी त्यांना चहा पाजला आणि किल्ली पुढं केली. नवरामुलगा दचकला.

"आवं, पण आपली वळख न्हाई."

"वळख परत येताना हुईल. डिझेल तुमचं, गाडी माझी, आन चिखल बी माझा. धुवायची न्हाई."

हे 'धुवायची न्हाई' प्रत्येकाला ऐकावं लागे. एका गुरुजींनी शिस्तीनं गाडी चकचकीत करून आणली, तर आबा म्हणाले, "गुर्जी, शेजारचं भांडं कवा रिकामं परत देत्यात का?" गुरुजींनी दुसऱ्या दिवशी पेढे आणून दिले. आबांनी पेढे घेतले, पण तोंड उतरलेलंच होतं.

मी जकात नाक्यावर कारकून होतो. उभी हयात ताडपत्रीखाली काय आहे ते हुंगण्यात गेली. फुकट देणारा काहीतरी लपवत असतो, हे तिथं शिकलो. आधी वाटलं, आबा निवडणुकीला उभे राहणार. राहिले नाहीत. मग वाटलं, गाडीतून काहीतरी ने-आण चालते. एकदा गुपचूप गादीखाली हात घालून पाहिलं, तर कुणाचा तरी कंगवा निघाला. आमची ही म्हणायची, "नाका बंद झाला, पण तुमचा बांबू अजून आडवाच."

मग माझ्या लक्षात आलं ते खुरपं. गाडी परत आली की आबा खुरपं घेऊन बाहेर येत, टायरच्या खाचांतली माती खरवडून स्टीलच्या वाटीत घेत आणि गाडी नेणाऱ्याला म्हणत, "हां, रिपोर्ट." कुठं गेलता, वाट कशी व्हती, झाडं कसली, माणसं बोलत्यात कशी. सगळं ऐकलं की "डिसमिस" म्हणायचं आणि वाटी हातानं झाकून काकींच्या खोलीत न्यायची. काकी म्हणजे आबांच्या पत्नी. अर्धांगवायूनं त्या बरीच वर्षं पलंगावर होत्या.

आजारी बाईच्या खोलीत परक्यांच्या पायाखालची माती. आमच्याकडे याला काय म्हणतात ते सांगायला नको.

खात्री करायला मी स्वतःच गाडी मागितली. पाटणच्या पुढं कोयनेच्या खोऱ्यात हिंडून आलो आणि येताना एका ओढ्यावर ती चाकांसकट धुतली. आबा खुरपं घेऊन आले, वाकले, टायरवरून बोट फिरवलं.

"धुतली व्हय, नाकेदार?"

"सवय हो, आबा."

"आसू द्या."

रिपोर्टसुद्धा मागितला नाही. माझा संशय पक्का झाला. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर मी सहज म्हणालो, "एवढी माती कशाला लागते हो माणसाला?" एवढंच. बाकीचं कट्ट्यानं केलं. कुणीतरी 'करणी' म्हणालं. गुरुजींच्या आई पायरीवरून घसरल्या, तेही आबांच्या खात्यावर गेलं. गाडी न्यायला कुणी येईना.

उन्हाळ्यात आबा आमच्या फाटकाशी आले. "नाकेदार, तुमी जल्मभर गाड्याच बघितल्या. माझ्या गाडीत कायतरी खोट हाय का वो? पोरं लांबनंच जात्यात."

"डिझेल महाग झालंय, आबा," मी म्हणालो.

त्यांना ते पटलं. बरं वाटल्यासारखी मान हलवत गेले.

पाऊस सरला तशा काकी गेल्या. मी भेटायला गेलो. पलंगाशेजारच्या खिडकीत वाट्या मांडलेल्या होत्या. तांबडी माती, काळी माती, शिंपल्याचा चुरा असलेली वाळू. मी बघतोय हे आबांनी पाहिलं.

"तिच्यासाठीच घेटली व्हती गाडी," ते म्हणाले. "हायवेपातूर गेलो, तर हिसकं सोसंनात तिला. परत आणली. आन तिला सोडून मला कुठं जाता ईना. म्हणलं, लोकांनी तरी फिरावं. उजवा हात जागा व्हता तिचा. माती बोटात चुरायची, मी रिपोर्ट सांगायचो. म्हणायची, ही समुद्राकडची दिसतीया." जरा थांबून म्हणाले, "शेवटी शेवटी रोज इचारायची, गाडी आली न्हाई व्हय कुठनं?"

मी चहा न घेता उठलो.

दिवसकार्य झाल्यावर मी पुन्हा किल्ली मागायला गेलो. आबांनी काही न विचारता दिली. कुंभार्ली घाट उतरून खाली गेलो, ओल्या वाटांवरनं मुद्दाम गाडी घातली आणि चाकं लालभडक करून आणली. येताना घाटभर वाक्य घोळवत होतो. आबा, ते मी बोललो होतो. लोक तुमच्याकडे यायचे थांबले ते माझ्यामुळं.

आबा खुरपं घेऊन आले. वाकून माती वाटीत घेतली, हातानं झाकली आणि दाराकडे निघाले. उंबऱ्याशी थांबले. मग वळून पायरीवरच बसले, वाटी मांडीवर घेऊन.

"हां, रिपोर्ट."

मी घाट सांगितला. धुकं सांगितलं. भाताची खाचरं, रस्त्यात आडवी बसलेली म्हैस, तिला उठवणारी बाई आणि तिच्या शिव्या, सगळं सांगितलं. आबा मातीत बोटं फिरवत ऐकत होते. माझं संपलं तरी ते 'डिसमिस' म्हणाले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले.

"आनि?"

"आणि काही नाही, आबा," मी म्हणालो.