साइटवर आजून बंद शे

केसूभाऊंचं हार्डवेअरचं दुकान रोज सकाळी दोनदा उघडतं. आधी इंटरनेटवर आणि मग आमच्या गल्लीत. हा क्रम आजवर चुकलेला नाही.

केसूभाऊ येतात, शटर गुडघ्याएवढं वर करतात आणि साठीतलं आपलं भरदार पोट सांभाळत खालून आत सरपटतात. बाहेरून फक्त त्यांचे पाय दिसतात. आत कॉम्प्युटर सुरू झाल्याचा टुंग आवाज येतो. मग बराच वेळ शांतता. मग "गेली!" अशी आरोळी, आणि शटर धाडकन वर. त्याआधी गिऱ्हाइकाने सोनं आणून दाखवलं तरी उपयोग नाही.

एकदा देवपूरकडचे एक आबा धापा टाकत आले. त्यांच्या घरातला नळ फुटला होता.

"शेटजी, बठ्ठा घरमा पानी व्हई गयं! पाइपनं येक सॉकेट द्या लवकर."

"थांबा ना आबा," आतून आवाज आला, "साइटवर आजून बंद शे."

आबा वाकून शटरखाली बघू लागले. "आरे, मी तुमना पाय देखी ऱ्हायनू ना!"

"पाय दिखतस आबा. दुकान आजून उघडनं नही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून झेरॉक्स मशीनमध्ये कागद भरू लागले, कारण या सगळ्याला थोडीफार मीच जबाबदार होते.

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान केसूभाऊंच्या भिंतीला भिंत लावून. धुळ्यात हे मारवाडी घराणं तीन पिढ्यांपासून आहे. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि माझ्याशी मात्र केसूभाऊ शुद्ध मराठी बोलायचा प्रयत्न करतात, कारण लग्नाआधी मी साक्रीला कॉम्प्युटरचे क्लास घेत होते हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. एका दुपारी ते एक चुरगळलेला कागद घेऊन आले.

"ताई, आपण साइट काढली."

साइट म्हणजे एकच पान होतं. वर दुकानाचं नाव, खाली मोठ्या अक्षरात 'दुकान उघडे आहे'. बस. भाव नाही, मालाचे फोटो नाहीत, फोन नंबरसुद्धा नाही.

"हे रोज रात्री 'बंद आहे' करायचं आणि सकाळी परत 'उघडे आहे'. माझ्या हाताने. ते शिकवा."

"केसूभाऊ, दुकान उघडं आहे हे समोरून जाणाऱ्याला दिसतंच ना?"

"जो समोरून जात नाही त्याचं काय?" असं म्हणून त्यांनी स्टूल ओढलं. केसूभाऊंनी स्टूल ओढलं की विषय संपला असं समजायचं.

मग मी त्यांच्या कॉम्प्युटरवर फाइली पाठवायचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. ते उघडलं की पडद्याचे दोन भाग होतात. डावीकडे आपल्या कॉम्प्युटरमधल्या फाइली, उजवीकडे दूरच्या कॉम्प्युटरमधल्या, जिथे आपली साइट राहते. डावीकडची फाइल माउसने धरायची, ओढत उजवीकडे न्यायची आणि सोडायची. इतकं साधं काम. पण सोबत केसूभाऊ होते.

"तो उजवीकडचा कॉम्प्युटर कुठं असतो?"

"असेल कुठंतरी. मुंबईत, नाहीतर परदेशात."

"पत्ता?"

मी कागदावरचा सर्व्हरचा पत्ता दाखवला. त्यात ना गल्ली, ना पेठ, ना पिनकोड. केसूभाऊंनी चष्मा काढून पुसला. "अशा पत्त्यावर मी स्क्रूसुद्धा पाठवला नसता."

पुढचा रकाना पोर्टचा. पोर्ट म्हणजे बंदर, एवढं त्यांना ठाऊक होतं. "धुळ्याला बंदर कुठून आणू?" मी म्हटलं, नुसता आकडा टाका, एकवीस. एकवीस म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "शुभ आकडा शे. सव्वीस असता तर विचार केला असता."

पासवर्डच्या वेळी त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. शेजारी असलो तरी व्यवहार म्हणजे व्यवहार. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि केसूभाऊंनी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत पासवर्ड टाइप केला. समोरचा चहावालासुद्धा तो आज झोपेत म्हणून दाखवील.

पडद्यावर लाल ओळ आली. मी मराठीत सांगितलं, "सर्व्हरने नाकारलं."

केसूभाऊ उठून उभे राहिले. "नाकारलं? कोणाला?"

"तुम्हाला."

"आमच्या आजोबांपासून या बाजारात कोणी आम्हाला नाकारलं नाही. त्या माणसाचं नाव काय?"

पासवर्डचं पहिलं अक्षर कॅपिटल हवं होतं, एवढंच. ते सुधारल्यावर उजवीकडचा भाग भरला आणि केसूभाऊंनी त्याला चक्क नमस्कार केला. मी दोन फोल्डर करून दिली, एकात उघड्या दुकानाचं पान, दुसऱ्यात बंद दुकानाचं. त्यांनी पहिली फाइल माउसने धरली, श्वास रोखला आणि काचेचं भांडं उचलून न्यावं तशी ओढत उजवीकडे नेऊन सोडली. फाइल पोचली. टाळी वाजवणार तोच त्यांची नजर डावीकडे गेली.

"ताई, हे काय? माल पाठवला, तरी गोदामात तसाच?"

"त्याची नक्कल जाते केसूभाऊ. मूळ आपल्याकडेच राहतं."

"म्हणजे गेला पण आणि राहिला पण?" ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "हा धंदा ज्याने काढला तो आपल्यातलाच असला पाहिजे."

तेव्हापासून रोजचा नेम सुरू झाला. जुनी फाइल आहे, तिच्यावर नवी टाकू का, असा प्रश्न सॉफ्टवेअर रोज विचारायचं. केसूभाऊ रोज त्याला तोंडी उत्तर द्यायचे, "टाक बाबा, टाक." आणि मग बटण दाबायचे. मधे चहाला घरी जाताना बंद, आल्यावर उघडं, असंही त्यांनी सुरू केलं होतं. पण त्यांच्या पत्नीने चहाच बंद करायची धमकी दिल्यावर ते सोडलं. गल्लीत त्यांच्या साइटची भरपूर थट्टा व्हायची. केसूभाऊ स्वतःही हसायचे. फक्त सकाळची फाइल मात्र एकदाही चुकवायचे नाहीत. ताप असला तरी मफलर गुंडाळून यायचे, फाइल पाठवायचे आणि गल्ल्यावर डोकं टेकून बसायचे.

मागच्या लग्नसराईत मी भाचीच्या लग्नाला साक्रीला गेले होते. हळद चालू असताना फोन आला.

"ताई, नाकारतंय."

"पासवर्ड बघा."

"बघितला. नमस्कारसुद्धा केला. आत घेत नाही."

मी म्हटलं, आल्यावर बघते. संध्याकाळी पुन्हा फोन. दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं चालू असताना पुन्हा. डोक्यावर अक्षता घेऊन मी त्यांना म्हणाले, "केसूभाऊ, साइटवर बंद दिसलं म्हणून कोणाचं काय बिघडतंय? दुकान उघडा ना."

"उघडलंय," ते म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "पण तुम्ही या."

धुळ्याला परतल्यावर मी पिशवी घरी न टेकवता दुकानातच गेले. केसूभाऊंनी दाढी केलेली नव्हती. दुकान उघडं, गिऱ्हाइकं उभी, आणि हे कॉम्प्युटरसमोर हात जोडल्यासारखे बसलेले. मी त्यांचे ईमेल उघडून पाहिले. साइट ठेवणाऱ्या कंपनीने आपला सर्व्हर बदलला होता आणि नवा पत्ता कळवला होता. केसूभाऊंनी ईमेल आजवर एकही उघडलेला नव्हता. अनोळखी माणसाचं पत्र कशाला वाचायचं, असा त्यांचा हिशोब.

नवा पत्ता टाकता टाकता मी हसून म्हटलं, "एवढा जीव काढलात! बघतं तरी कोण हे पान?"

केसूभाऊ माझ्याकडे सरकले. मग गिऱ्हाइकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "भाईसा बघतात."

भाईसा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, हस्तीमलजी. दोघांनी मिळून हे दुकान चालवलं होतं. मी गल्लीत यायच्या आधी एका सकाळी दोघांचं भांडण झालं. खिळे सुटे वजनावर विकायचे की पाकिटात, यावरून. शब्द वाढला, थोरले तडकाफडकी जळगावला मुलाकडे निघून गेले आणि तिथल्या पिंप्राळ्यातच राहिले. तेव्हापासून अबोला. लग्नकार्यातसुद्धा दोघे मांडवाच्या दोन टोकांना बसतात.

"दिवाळीला भाभीचा फोन होता," केसूभाऊ म्हणाले. "बोलता बोलता म्हणाली, यांना सकाळी आधी तुमचं दुकान उघडलेलं दिसायला लागतं मोबाइलवर, मग चहा." ते टेबलावरची धूळ बोटाने पुसत होते. "फोन करायचा तर मी धाकटा. मी आधी बोललो म्हणजे चूक माझी, असं होतं ना. म्हणून आपलं हे."

मी नुसता नवा पत्ता पुन्हा एकदा तपासला. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

रिक्षातून पांढऱ्या कपड्यांतला, केसूभाऊंच्याच नाकाचा एक म्हातारा माणूस उतरला. हातात कापडी पिशवी. तो पायरीवरच थांबला. उघडं शटर पाहिलं, गिऱ्हाइकं पाहिली, आत बसलेले केसूभाऊ पाहिले. मग रागाने लालबुंद झाला. दोघे आपल्या घरच्या बोलीत बोलले, मी मराठीत सांगते.

"जिवंत आहेस ना? मग तीन दिवस बंद का लिहिलंय?"

"सर्व्हर बदलला," केसूभाऊ पुटपुटले.

"सर्व्हर कोण? त्याला सांगता येत नाही?" हस्तीमलजींनी मोबाइल पुढे धरला. "हे बघ! अजून बंद आहे!"

उघड्या दुकानात उभं राहून ते दुकान बंद असल्याचा पुरावा दाखवत होते. मी घाईघाईने केसूभाऊंना खूण केली. त्यांनी माउस धरला, पण फाइल काही पकडता येईना. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा गेली. हस्तीमलजींनी मोबाइलवर बोट ओढलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि मग पायरीवरच मटकन बसले.

"उघडलं," ते म्हणाले.

केसूभाऊ पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्याजवळ गेले. "बंद झालं तरच यायचं, असं ठरवलंय का?"

थोरले पाणी प्यायले, तांब्या परत दिला आणि म्हणाले, "जेवलास?"

"नाही."

"मीपण नाही."

केसूभाऊंनी खुंटीवरची टोपी घेतली, स्कूटर काढली. हस्तीमलजी मागे बसले. हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. आधी सीटला धरलं, मग पिशवीला. गल्लीच्या वळणावर स्कूटर जरा कलंडली आणि त्यांनी हात धाकट्याच्या खांद्यावर ठेवला.

जाताना केसूभाऊ दुकानाकडे बघायला मला सांगून गेले होते. थोड्या वेळाने शिंदखेड्याचा एक शेतकरी आला. त्याला बिजागऱ्या हव्या होत्या आणि मला त्यांचा भाव माहीत नव्हता.

"शेटजी कोठे गयात?" त्याने विचारलं.

"बसा जरा," मी स्टूल पुढे सरकवलं. "भाऊसंगे जेवाले गयात."