जखमी पूर्ववत होईपर्यंत

आमच्या उंद्री गावात कोणी पडलं, कापलं, भाजलं की तिथं सगळ्यात आधी इंगळेकाका पोचतात. डॉक्टर नंतर आणि नातेवाईक त्याच्याही नंतर. काकांच्या खांद्याला कापडी पिशवी असते. तिच्यात मोजायची टेप, खडू आणि जाड पुठ्ठ्याची वही. पेन्सिल कानावर. पडलेला माणूस अजून कपड्यांची धूळ झटकत असतो, तोवर काकांनी त्याच्याभोवती खडूनं गोल काढलेला असतो.

"हलू नको बे," ते दम देतात. "जागा मोजू दे पह्यले. चूक कोनाची थे ठरल्याबगर उठाचं नाही."

माझं बसस्टॉपजवळ मेडिकल आहे. जखमी माणूस पट्टी आणि मलमासाठी माझ्याकडेच येतो, आणि त्याच्या मागोमाग काका. त्यामुळे काकांचा अर्धा दिवस माझ्या दुकानातल्या स्टुलावर जातो. गिऱ्हाईक वेदनेनं कण्हत असतं आणि काका त्याचा जबाब घेत असतात. पायात चप्पल होती का, उजेड होता का, समोरच्यानं हॉर्न दिला का. एकदा तर खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या बाईला त्यांनी विचारलं, "खोकला कोनापासून लागला?"

मनोहर इंगळे चिखलीतल्या एका वकिलांकडे तीस वर्षं कारकून होते. वकीलसाहेब फक्त अपघाताचे दावे चालवत. साहेब गेले, ऑफिस बंद झालं, काका गावी परतले, पण डोक्यातलं ऑफिस काही बंद झालं नाही. दुकानात गर्दी नसली की ते माझा वर्ग घेतात.

"इजा काही एकच नसते, बाबू. रस्त्यावरची येगळी. जनावरानं केली तं येगळी. कोनाच्या जागेत पडला तं येगळी, यंत्रात हात गेला तं येगळी. दवाखान्यात भलतीच गोळी देल्ली, थे त् अजून येगळी. पन सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट. हयगय!"

हा 'हयगय' शब्द ते फार चवीनं उच्चारतात. एकदा मी घाईत माझ्याच दुकानाच्या अर्ध्या उघडलेल्या शटरवर डोकं आपटून घेतलं. काकांनी शटरची उंची मोजली, माझी उंची मोजली आणि "जखमीची सोताची हयगय, शंभर टक्के" असा निकाल दिला. मग माझ्याच दुकानातली पट्टी काढून मलाच लावली.

लोक हसतात. मीही हसतो. पण मागच्या हंगामात सोयाबीन काढताना देवकाबाईचा हात हडंब्याच्या, म्हणजे मळणीयंत्राच्या, पट्ट्यात सापडला, तेव्हा कोणी हसलं नाही. हडंब्याचा मालक सांगत फिरत होता की बाईनंच बाही मोकळी सोडली होती. काका टेप घेऊन शेतात गेले, मशीनभोवती दोनदा फिरले आणि चार माणसांत त्याला म्हणाले, "बाही मोकळी होती, हाव. पन पट्ट्यावर जाळी काऊन नाही? बाईनं बाही बांधाव अन् तू जाळी बी लावू नये?" त्याच संध्याकाळी मालक स्वतःच्या गाडीतून देवकाबाईला बुलढाण्याला दवाखान्यात घेऊन गेला. आता त्या मशीनला जाळी आहे.

कुत्र्याचं प्रकरण मात्र काकांच्या अंगाशी आलं. गल्लीतल्या पिवळ्या कुत्र्यानं दूधवाल्याची पोटरी धरली. काकांचा नियम असा की जो भाकर टाकतो तो मालक, आणि चाव्याची जबाबदारी मालकाची. हे ऐकताच रोज भाकर टाकणारी तीनही घरं म्हणाली, आम्ही कधीच टाकली नाही. दुसऱ्या दिवसापासून खरंच कोणी टाकेना. कुत्रं दोन दिवस उपाशी पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी काकांनी आपल्या ताटातली अर्धी भाकर त्याला घातली आणि दुकानात येऊन खाली मान घालून सांगितलं, "बाबू, आता कायद्यानं थे कुत्रं माहं झालं." त्याचं नाव त्यांनी 'प्रतिवादी' ठेवलं. हाक मारली की ते शेपूट हलवत येतं आणि दूधवाला सायकल दुसऱ्या गल्लीत घालतो.

काकांना सगळ्यात जास्त अभिमान आहे तो खोटा लंगडा ओळखण्याचा. ही गोष्ट मी निदान पन्नास वेळा ऐकली असेल. एक पक्षकार ऑफिसात आला, डावा पाय मोडल्याचा दावा घेऊन. "अन् गडी उजव्या पायानं लंगडून राह्यला! म्या साहेबाले म्हनलं, हा दावा घेऊ नका. दहा पावलांत वळखलं त्याले. पोट भरो न भरो, बाबू, कागदावर खोटं चढू देल्लं नाही म्या. एकबी नाही."

सुमनकाकू जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला. दोघंही फोन करतात, काका "मजेत हाओ" म्हणतात आणि फोन ठेवून पिशवी उचलतात. काकू आजारानं गेल्या, हळूहळू, सगळे उपचार होऊनही. एका दुपारी स्टुलावर बसल्याबसल्या काका अचानक म्हणाले, "म्या लय शोधलं बाबू. डॉक्टरचे कागद पाह्यले, गोळ्या पाह्यल्या, सोताले बी इचारलं. कोनाचीच हयगय नाही सापडली. थे लय वाईट असते. कोनावर ठेवाव?" मी उगाच काचेवरची धूळ पुसत राहिलो.

तर ही गोष्ट पायरीची आहे.

दिवाळीच्या आधी आईनं वांग्याचं भरीत केलं आणि वाटीभर इंगळेकाकांना द्यायला निघाली. त्यांचं घर आमच्याच ओळीत, चार दारं सोडून. काकांनी नुकतीच ओटा-पायरी धुतली होती. आईचा पाय सरकला, भरीत भिंतीवर गेलं आणि आई खाली बसली ती उठेचना. डावा घोटा.

मी धावत पोचलो तेव्हा काका तिचा पाय मांडीवर घेऊन जमिनीवर बसले होते. पिशवी आत खुंटीला तशीच होती. "वयनी, दुखून राह्यलं का? वयनी?" एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत होते. आई म्हणत होती, "भाऊजी, भरीत वाया गेलं हो."

चिखलीहून प्लास्टर घालून आलो, तर काका आमच्या दारात वही घेऊन उभे. मला आणि शेजारच्या शिंपीकाकांना पंच म्हणून त्यांच्या घरी नेलं. स्वतःच्याच पायरीभोवती खडूनं गोल काढला, लांबी-रुंदी मोजली आणि मोठ्यानं वाचत लिहिलं, "सदर पायरी मी धुतली. फडक्यानं पुसली नाही. जागेच्या मालकाची संपूर्ण हयगय."

"काका, आईही घाईत होती," मी म्हणालो. "तुम्हीच म्हणता ना, जखमीचाही वाटा पाहावा लागतो."

"थे दुसऱ्याच्या पायरीवर," काकांनी मला गप्प केलं. मग माझ्या घरी येऊन आईसमोर उभं राहून निकाल वाचला. जखमी पूर्ववत होईपर्यंत, म्हणजे आधी होती तशी होईपर्यंत, तिची जी कामं अडतील ती जागेच्या मालकानं करायची. आई हसली. तिला वाटलं, बोलतात तसं बोलले.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला काका मेथीची जुडी घेऊन हजर. मागे प्रतिवादी.

मेथी त्यांनी अशी निवडली की काड्या भाजीत आणि पानं कुत्र्यासमोर. आईनं पलंगावरूनच आरडाओरडा केला. "अवो भाऊजी, काऊन अशी खुडता? देठ मोडून पाहा न पह्यले!" चौथ्या दिवशी त्यांना मेथी जमली. आठव्या दिवशी तूर निवडायला लागले. मग पेपर वाचून दाखवणं सुरू झालं, त्यातही फक्त अपघाताच्या बातम्या, आणि प्रत्येक बातमीनंतर आईचा निकाल आधी, काकांचा नंतर. आई ट्रकवाल्याला कधीच माफ करायची नाही. त्यावरून दोघांची कडाक्याची भांडणं व्हायची आणि मधेच चहा व्हायचा, तो काका करायचे.

मी येता-जाता हे सगळं पाहत होतो. काका रोज दाढी करू लागले होते. शर्टाला इस्त्री आली. पावणेचार वाजले की ते स्टुलावरून उठत, "ड्युटी हाय बाबू" म्हणत आणि पट्टीवालं गिऱ्हाईक अर्ध्या जबाबात सोडून जात. आईलाही बाबा गेल्यापासून इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. सुमनकाकूंच्या हाताची मिरचीची भाजी कशी व्हायची, हे दोघं मिळून आठवत बसायचे.

पण प्लास्टर काही जन्मभर राहत नाही. एका गुरुवारी ते निघालं. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलं, चाला फिरा. काकांनी ऐकलं, मान हलवली. "शनिवारी येतो," ते म्हणाले. "दहा पावलं चालून दाखवा, वयनी. मंग फाइल बंद करू. नियम हाय."

शुक्रवारी ते दुकानात आले नाहीत. मी जेवायला घरी जाताना डोकावलो, तर ओट्यावर प्रतिवादीच्या शेजारी नुसते बसले होते. मला पाहून म्हणाले, "वयनी बऱ्या झाल्या, चांगलं झालं." मग थोड्या वेळानं, "आता चार वाजता का कराव, थे पाहाव लागन." त्यांचा तो चेहरा मला बघवला नाही. घरी आल्यावर मी आईला सांगितलं. आई पोळी लाटत होती.

शनिवारी सकाळपासून आई घरभर फिरत होती. अंगण झाडलं, कपडे दोरीवर टाकले, गच्चीवर जाऊन पापडही वाळत घातले. चार वाजता काका आले. इस्त्रीचा शर्ट, कानावर पेन्सिल. अंगणात टेप अंथरून त्यांनी दहा पावलांचं अंतर मोजलं आणि दोन्ही टोकांना खडूनं रेघा मारल्या. शिंपीकाका आणि मी पंच म्हणून उभे राहिलो.

"चाला, वयनी."

आई चालू लागली. दुसऱ्याच पावलाला तिनं "अगं माय" केलं आणि लंगडली. तिसऱ्याला पुन्हा. चेहरा असा वेडावाकडा केला होता की मी तिला धरायला पुढे झालो आणि तिथंच थांबलो.

कारण आई उजव्या पायानं लंगडत होती.

शिंपीकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोरीवरच्या कपड्यांकडे पाहिलं. आई दुसऱ्या रेघेपाशी वळली आणि तोच उजवा पाय ओढत, पहिल्यापेक्षा जास्त कण्हत परत आली.

काका तिच्या पायांकडे बघत होते. मग चेहऱ्याकडे. पेन्सिल वहीवर टेकलेली होती आणि हलत नव्हती. आईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "भाऊजी, लय ठणकून राह्यलं अजून. तुम्ही फाइल बंद कराची घाई नका करू."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. मग सावकाश, एकेक शब्द मोठ्यानं वाचत लिहिलं. "जखमी अद्याप पूर्ववत नाही. मालकाची जबाबदारी पुढे चालू." त्यांनी वही माझ्यापुढे केली आणि पंच म्हणून मी खाली सही केली.

"उद्या चार वाजता येतो," ते म्हणाले. "मेथी आनू का निवडून?"

"निवडून नका आनू," आई म्हणाली. "इथंच बसून निवडू."