उभ्या रेघांचे वैरी

तक्त्यात उभी रेघ दिसली की पोवार सरांचा पारा चढायचा. "आकडे गजांआड का कोंडल्यात?" सगळी स्टाफरूम दणाणून सोडत ते विचारायचे. "चोरी केलीया काय त्यांनी?"

पन्नास सालानंतरचे ते दिवस. आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजात सर संख्याशास्त्र शिकवायचे, मी अर्थशास्त्र. कुणाचाही शोधनिबंध छापायला निघाला की त्यातले तक्ते सर ओढून घ्यायचे. कुणी नेमलं नव्हतं त्यांना. मजकुराला हात लावत नसत. "तुमचं तत्त्वज्ञान तुमच्यापाशी," म्हणायचे. पण मथळा तक्त्याच्या वर हवा, आकडे कुठून आणले ते खाली हवं, आणि दशांश चिन्हं एकाखाली एक अशी हवीत, की गवंड्यानं ओळंबा सोडून बघावं. मण की शेर ते लिहायला विसरलात, तर कागद अंगावर यायचा.

हे वेड कॉलेजच्या फाटकापाशी थांबतं तरी बरं होतं. एकदा आम्ही दोघे एसटी स्टँडवर उभे होतो. वेळापत्रकाच्या फळ्यावर चंदगडच्या गाडीपुढचा रकाना मोकळा. झालं! सरांनी खिडकीतल्या माणसाला गाठलं.

"ही गाडी न्हाय, का तिची माहिती न्हाय?"

"गाडी हाय की, पावणं. पर ती कवा येतीया ते डायवरला बी ठाव न्हाय."

"मग तसं खाली टिपंत लिवा की!"

त्या माणसानं वैतागून खडूच पुढं केला. सरांनी फळ्याखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'टीप : चंदगडची गाडी आल्यावर सुटेल.' तेवढ्यात आमची गाडी निघून गेली. सरांना त्याचं काहीच वाटलं नाही.

गुळाच्या बाजारभावावरचा माझा निबंध पुण्याच्या परिषदेत वाचायला मिळावा, म्हणून मी तेव्हा जिवाचं रान करत होतो. निबंध पाठवायच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळच्या टपालानं तो जायलाच हवा होता. आणि तक्ते होते सरांच्या घरी! सर त्या दिवशी कॉलेजात फिरकलेच नाहीत. मी तापलो, सायकल काढली आणि त्यांचं घर गाठलं.

दार उघडंच होतं. सोप्यात पोवारकाकू भिंगातून माझा तक्ता मोठ्यानं वाचत होत्या. सर समोर मांडी घालून, मूळ आकड्यांचा कागद हातात धरून ऐकत होते. सरांच्या प्रबंधातला एकूण एक आकडा काकूंनीच असा ताडून दिला होता, हे मला ठाऊक होतं. त्यांची नजर इतकी गेलीय, हे मात्र ठाऊक नव्हतं.

"अठ्ठ्याऐंशी," काकू म्हणाल्या.

मी चमकलो. तिथं त्र्याऐंशी होते.

"बरोबर," सर म्हणाले.

पुढचा आकडाही चुकला. दशांश चिन्ह केसभर सरकलं तर कंपोझिटरचा उद्धार करणारा हा माणूस शांतपणे म्हणाला, "बरोबर. वाच पुढं."

मला पाहून ते उठले आणि दाराबाहेर येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "मी आधीच तपासून ठिवलंय सगळं. एक बी चूक न्हाय. पर माझं तिच्याबिगर अडतंय, असं वाटतंय तिला." मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "आन् अडतंयच की."

माझा राग कुठल्या कुठं गेला.

"कोण आलंय हो?" आतून काकूंनी विचारलं.

"मी, काकू. कुलकर्णी."

"या, बसा. तुमचाच गूळ चाललाय. एवढ्यात संपतोय."

सर घाईघाईनं म्हणाले, "तक्ते मागून घेतो तिच्याकडनं. तुमचं टपाल चुकंल."

टपाल चुकणार हे मलाही दिसत होतं. मी चपला काढल्या, आत जाऊन बसलो आणि पिशवीतून निबंधातून गाळलेला एक तक्ता काढला.

"काकू, हा एक राहिलाच की. तेवढा वाचून द्याल?"

काकूंनी पदरानं भिंग पुसलं आणि हात पुढं केला.