लिंबाजी अण्णांचा रिव्हर्स

लिंबाजी अण्णांनी अंगणाची मागची भिंत पाडली, ती फक्त ट्रॅक्टरसाठी. पुढच्या फाटकातून आत यायचं आणि मागच्या भगदाडातून बाहेर पडायचं. कारण ट्रॅक्टरचा रिव्हर्स गेअर गेलेला होता. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण अण्णांसमोर बोलायची कुणाची टाप नव्हती.

"रिव्हर्स न्हाई आसं न्हाई," ते स्वतःच सांगायचे. "मी घेत न्हाई. मानसानं मागं जावंच कावून?"

मी तेव्हा केज तालुक्यातल्या त्या गावी विकास सोसायटीचा सचिव होतो आणि अण्णांच्या शेजारी भाड्यानं राहत होतो. अण्णा साठीच्या पुढचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. रोज सकाळी ट्रॅक्टर पुसताना अण्णा त्याला कालच्या दिवसाची सगळी हकीकत सांगायचे. सुरुवातीला मला वाटायचं, शेजारी पाहुणे आलेत.

ट्रॅक्टर 'ऐरावत' कंपनीचा. एकेकाळी या नावाचा आमच्याकडे मोठा दरारा होता, आणि तो गेअरबॉक्समुळे. अण्णा म्हणायचे, "इंजिन काय, कुनाचंबी फटफटतंय. गेअरबॉक्स बगा सायब, गेअरबॉक्स!" काळ्या रानात नांगर अडला तरी ऐरावतचा गेअर निसटायचा नाही. पुढं ती कंपनी दुसऱ्या कंपनीनं घेतली, ट्रॅक्टर बंद झाला, सुटे भागही यायचे थांबले. अंबाजोगाईतल्या डीलरनं आधी मोटरसायकली विकल्या आणि मग साड्या. अण्णांचा रिव्हर्स गेला तो नेमका साड्यांच्या काळात. तरी ते महिन्यातून एकदा तिथं जायचे, चपला बाहेर काढून गादीवर बसायचे आणि विचारायचे, "मालक, ऐरावतचं काई आलंय का?"

मालक भला माणूस. "न्हाई अण्णा. पैठण्या आल्यात."

"ऱ्हाऊ द्या."

माणसंही ते गेअरबॉक्सवरूनच जोखायचे. सरपंचांचं भाषण म्हणजे "रेस लई, गाडी जागेवर." मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "सायब, तुमी मानूस चांगले, पन न्यूट्रलला हाय."

एकदा ओढ्यावरच्या अरुंद पुलावर एका पुढाऱ्याची जीप समोर आली. कुणी तरी मागं जाणं भाग होतं. अण्णांनी इंजिन बंद केलं, भाकरीचं फडकं सोडलं आणि सावकाश खायला लागले. ड्रायव्हर ओरडला तेव्हा म्हणाले, "तुमची गाडी नवी हाय. शिकंल जरा मागं जायाला." जीप मागं गेली. अण्णा पुलावरून गेले ते मिरवणुकीतल्या नवरदेवासारखे.

मग दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. सोसायटीनं चाकांवरची एक लोखंडी टाकी मिळवली आणि गावातले ट्रॅक्टर आळीपाळीनं ती ओढायला लागले. प्रश्न आला टेकडीवरच्या धनगरवस्तीचा. आठ घरं, शंभरेक मेंढरं, आणि जायला दोन दगडी बांधांमधली चिंचोळी वाट. वर वळायला जागाच नाही. टाकीसकट एवढी वाट मागं यायचं, म्हणून सगळ्यांनी नकार दिला. बैठकीत चेअरमन म्हणाले, "वस्तीवरच्या बाया रस्त्यावर येऊन पानी नेतील. वस्ती वगळा."

"म्हातारी मानसं हायेत तिथं," मी म्हणालो.

"मग अण्णांचा ऐरावत जाऊ द्या की! लई भारी गेअरबॉक्स हाय म्हनं."

माणसं खाली बघून हसली. अण्णा उठले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"माज्या गाडीला रिव्हर्स न्हाई," ते म्हणाले. "गेलाय. चार वर्सं झाली. पन वस्तीवर पानी मी नेतो."

हसणं थांबलं. त्या माणसानं चार वर्षं जपलेलं एकच खोटं सगळ्या गावासमोर काढून ठेवलं होतं. मी इतिवृत्तात वस्तीपुढं अण्णांचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मीही गेलो. टाकी रिकामी झाल्यावर वस्तीवरचे गडी पुढं आले. त्यांनी आधी टाकी सोडवून लोटत खाली नेली, मग ट्रॅक्टरला हात लावला. वाट उताराची म्हणून निभावलं. अण्णा मान खाली घालून स्टिअरिंगवर बसलेले. शेजारून वस्तीतली म्हातारी धुरपदामावशी चालत होती आणि हुकूम सोडत होती, "डावीकडं घ्या! अवो, दुसरं डावीकडं!" शेवटी अण्णांना हसू फुटलं. उन्हाळाभर एक दिवसाआड हेच चाललं.

पुढच्या वर्षी विहिरींना पाणी आलं आणि टाकी सोसायटीच्या आवारात गंजत पडली. त्याच सुमारास मला एका भंगारवाल्याकडं ऐरावतचा मोडका सांगाडा दिसला. आतला रिव्हर्स गेअर शाबूत होता. तो काढून आणला आणि अण्णांच्या हातात ठेवला. त्यांनी एकेका दातावरून बोट फिरवलं, डोळे भरून आले. ग्रीस लावून फडक्यात गुंडाळला आणि कोनाड्यात ठेवला.

"बसवू की," म्हणाले. "घाई काय हाय?"

दोन महिने झाले तरी गेअर कोनाड्यातच. मला रागच आला. एका रविवारी सोसायटीच्या कामानं मी धनगरवस्तीवर गेलो होतो, तर ऐरावत तिथं उभा. मागं काही जोडलेलं नाही. अण्णा धुरपदामावशीच्या ओट्यावर बशीत चहा ओतून पीत होते, आणि भोवती चार-पाच म्हातारे. अण्णांच्या पुण्यातल्या मुलाचं पत्र कुणी तरी मोठ्यानं वाचून दाखवत होतं.

चहा संपला. अण्णा उठून ट्रॅक्टरवर बसले, तशी सगळी वस्ती हातातली कामं टाकून पुढं आली. "चला रं, अण्णाला काढू भाईर!" हसण्या-ओरडण्यात ट्रॅक्टर हलला.

अण्णांचं लक्ष माझ्याकडं गेलं. क्षणभर त्यांचा चेहरा पडला. मी पिशवी बांधावर ठेवली आणि बोनेटला दोन्ही हात लावले.

"सायब," अण्णा वरून हळूच म्हणाले, "जोर जास्त लावू नगा. सावकाश जाऊ द्या."