पावती वाचणारा माणूस

जे कळतं त्याला माणूस हरकत घेतो, म्हणून कारभार सुरळीत चालवायचा तर मजकूर भारदस्त हवा. या बाबतीत आमच्या नगरपालिकेचा हात धरणारं कोणी नाही.

कुलूपवाल्या आजोबांच्या स्कूटरला बाजारात चिकटवलेली पावतीच पाहा: ‘सदर वाहन उपरोक्त ठिकाणी विहित मुदतीपलीकडे स्थिर अवस्थेत आढळून आल्याने, उपनियमांतील तरतुदींच्या अधीन राहून व त्यांस बाधा न आणता, सक्षम अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीअभावी प्रस्तुत सूचना रद्दबातल समजली जाईल या अटीवर ती वाहनधारकास बजावण्यात येत असून, सात दिवसांत दंड न भरल्यास वाहन जप्त करण्यात येईल.’ काय तो डौल! शंभरातले सत्त्याण्णव जण ‘सदर’वरून थेट ‘जप्त’वर उतरतात. दोघे चष्मा शोधतात. (तो सापडेपर्यंत मुदत संपते.)

उरलेले एक म्हणजे आजोबा. त्यांची अवजारांची पेटी स्कूटरवरच बांधलेली. स्कूटर गेली की धंदा बसला. अक्षरं ते एकसष्टाव्या वर्षी शिकले, शिक्षिका असलेल्या सुनेकडून. त्यामुळे बोट ठेवून, एकेक शब्द.

तिसऱ्या दिवशी सून वैतागली. “बाबा, भरून मोकळे व्हा ना! असलं कोणी वाचत बसतं का?”

“वाचायला तूच शिकवलंस. गाळायला कुठे शिकवलंस?”

सहाव्या दिवशी त्यांचं बोट एका जागी अडलं. सातव्या दिवशी ते नगरपालिकेत दंड भरण्याच्या खिडकीपाशी हजर.

“साहेब, यावर सही कुठाय?”

कारकुनाने पावती उलटीपालटी केली. “सहीला जागाच नाही छापलेली.”

“मग ही रद्द. तुम्हीच लिहिलंय.”

अकरा वर्षं पावत्यांवर शिक्का मारणाऱ्या कारकुनाने त्या दिवशी प्रथमच पावती वाचली. (तोही बोट ठेवून.) मग हळू आवाजात म्हणाला, “आजोबा, स्कूटर तुमची. पण जरा हळू बोला.”

आजोबांना कुठलं हळू बोलवतंय! ते वळून रांगेला म्हणाले, “अहो, पैसे भरू नका! कुणाच्याच पावतीवर सही नाहीये!”

रांगेत चौदा माणसं होती, त्यांतले नऊ पदवीधर. पुढचे गृहस्थ घड्याळ बघत म्हणाले, “आजोबा, तुमचं झालं ना? मग व्हा बाजूला. आम्ही शिकलेली माणसं आहोत, आम्हाला वेळ नाही.”

आजोबा बाजूला झाले. चौदाही जणांनी शिस्तीत दंड भरला.

आता त्यांना हसायला हरकत नाही. फक्त हसण्याआधी एक सांगा: ती अट वर शब्दशः छापली आहे. तिथे तुमचं बोट किती वेळ थांबलं होतं? तिथे थांबायला तर दंडही नव्हता.