खून आजच पाहिजे

रहस्यकादंबरी लिहायची, पण तिच्यात कुणालाही मारायचं नाही, असं मी ठरवलं आणि पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. (खरं तर ठरवलं माझ्या बायकोनं, सत्यभामेनं. मी फक्त मान हलवली. आमच्या घरात ठरवण्याची पद्धत अशीच आहे.)

बालाघाटला मँगेनीजच्या कचेरीत मी कारकून. तिरोडी आणि उकव्याच्या खाणींतून किती माल निघाला ते लिहून ठेवायचं, कुणी विचारलं तर सांगायचं आणि सहसा कुणी विचारत नाही म्हणून उरलेला दिवस रहस्यकथा वाचायच्या. अशी बरीच वर्षं वाचल्यावर एक दिवस वाटलं, हे तर मलाही जमेल. (हे वाटणं फार वाईट. मूळव्याधीसारखं एकदा सुरू झालं की बसू देत नाही.)

"लिवा," तांदूळ वैरता वैरता सत्यभामा म्हणाली. "पण माणसं मारू नका. दिवे लागायच्या वेळेले घरात मुडदे काहून काढता?"

"अगं, पण रहस्य म्हटलं की..."

"मंग चोरी करा. चोरीले काय झालं?"

मी चोरी केली. म्हणजे कादंबरीत. एका बंगल्यातल्या लग्नात नथ हरवते आणि सगळ्यांवर संशय येतो. माणसं शोधायला मी लांब गेलो नाही. शेजारच्या शांताबाई बंगल्याच्या मालकीणबाई झाल्या. सायकल दुकानवाला भैयालाल गुप्तहेर झाला. शिवाय एक कारकून घातला. देखणा, अबोल, पण बोलला तर असं खोल बोलणारा की ऐकणाऱ्यानं दोन दिवस विचार करावा. (त्याचं कुणाशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा.)

गल्लीत ही बातमी लपली नाही. शांताबाई रोज भिंतीवरून विचारायच्या, "आज मी काय केलं रे बापू गोष्टीत?"

"आज तुम्ही चहा प्यालात, शांताबाई."

"दूध टाकलं होतं का त्याच्यात?"

मला परत जाऊन दूध टाकावं लागे. अशानं कादंबरी बरीच वाढली.

पुरी झाल्यावर मी ती नागपूरला प्रकाशकाकडे घेऊन गेलो. वसंतराव त्यांचं नाव. पान चघळत त्यांनी बरंचसं वाचलं आणि म्हणाले, "माणसं गोड आहेत. नथही छान आहे. पण खून कुठाय? कव्हरावर मुडदा नसला तर स्टेशनवरचा स्टॉलवाला पुस्तक ठेवत नाही. एक खून लिहून पाठवा, मी छापतो." निरोपासाठी मी आमच्या गल्लीतल्या राइस मिलचा फोन नंबर दिला. गल्लीत फोन तेवढाच.

घरी येऊन मी लेखणी उचलली आणि शांताबाईंना मारायला बसलो, तर त्या लोणच्याची वाटी घेऊन दारात उभ्या. भैयालालला मारावं म्हटलं, तर त्यानं त्याच दिवशी माझं पंक्चर फुकट काढून दिलं. खाल्ल्या लोणच्याला जागायला नको का? उरला कारकून, पण त्याचा तर प्रश्नच नव्हता. तो गोष्टीचा आत्मा होता. आठवडे गेले आणि कुणीही मेलं नाही.

इथे आमच्या बोलीबद्दल थोडं सांगायला हवं. आमचा जिल्हा मध्य प्रदेशात आणि आमची सोयरीक विदर्भात. त्यामुळे आमचं वाक्य मराठीत निघतं, वाटेत त्याला हिंदी भेटते आणि दोघं हात धरून घरी येतात. शिवाय आमच्या बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. मी मात्र लेखक झाल्यापासून शुद्ध मराठी बोलायचं ठरवलं होतं. रक्त म्हणजे रक्त आणि खून म्हणजे खून. (बायकोनं आठ दिवस सहन केलं. मग ती मला 'मास्तर' म्हणू लागली.)

अशात एका सकाळी मी कचेरीत असताना राइस मिलचे मुनीम घनश्यामजी धापा टाकत आमच्या दारात आले.

"भाभी, नागपुर से ट्रंक कॉल था. वसंतराव का. भैया से कहिए, खून आज ही की गाड़ी से भेजें. आज नहीं पहुँचा तो फिर कुछ नहीं हो सकता."

सत्यभामेचा धाकटा भाऊ वसंता नागपूरला कापडगिरणीत कामाला. आणि प्रकाशकाचं नाव तिला ठाऊकच नव्हतं, कारण घरात मी त्यांना 'प्रकाशक महोदय' म्हणत असे.

"वसंताले पाहिजे खून?" तिनं कसंबसं विचारलं.

"उन्हीं को चाहिए. बहुत घबराए हुए थे." (घाबरणारच. ट्रंक कॉलचं मिनिट संपत आलं होतं.)

दुपारी मी जेवायला घरी आलो तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पाहतो तर अंगणात अर्धी गल्ली उभी. भैयालालनं दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत वर केलेल्या.

"तेजरामभाऊ, चिंता नोका करू," तो म्हणाला. "वसंतरावचा फोन आलता. आजच खून पाहिजे म्हणते. माहा घ्या."

प्रकाशकाची अडचण गल्लीला कळते काय आणि एक माणूस माझ्या कादंबरीत मरायला आपण होऊन पुढे येतो काय. मोठमोठ्या लेखकांना असे शेजारी मिळत नाहीत.

"भैयालाल, तुझा कसा घेऊ?" मी म्हणालो. "तू गेलास तर पुढचं कोण बघणार?"

"मी कुठी जातो? खून देईन अन् उद्या येऊन दुकान उघडीन."

काय धैर्य, मी मनात म्हटलं.

"माहा घे बापू," शांताबाई गर्दीतून पुढे आल्या. "म्हातारीचा असला तरी खून तं खूनच."

"शांताबाई, खरं सांगू? पहिल्यापासून माझा तुमच्यावरच डोळा होता. पण हात उचलत नाही."

"काहून? सुई टोचली तं मी का मरतो?"

"सुई?" मी म्हणालो. "मी तर विळा ठरवला होता."

शांताबाई दोन पावलं मागे सरल्या. गर्दीही त्यांच्याबरोबर सरली. तेवढ्यात सत्यभामा हातात पिशवी घेऊन बाहेर आली. डोळे रडून लाल झालेले. मला वाटलं, तिच्या बंदीमुळे माझं पुस्तक अडलं म्हणून तिला वाईट वाटतंय. मी फार मायेनं तिची समजूत घातली.

"रडू नकोस. कुणीतरी मेल्याशिवाय वसंतरावांचं भागणार नाही, त्याला इलाज नाही. आणि एक मुडदा पडला की आपलं कल्याण झालं समज."

तिच्या हातातली पिशवी खाली पडली. ती मटकन ओट्यावर बसली.

"माह्या भावाचा मुडदा पडन अन् तुमचं कल्याण होईन?"

"तुझ्या भावाचा इथे काय संबंध?"

"मंग वसंतराव कोण?"

"प्रकाशक महोदय."

घनश्यामजींनी विचारलं, "तो फिर खून किसका चाहिए?"

"कुणाचाही चालेल," मी म्हणालो, आणि मागच्या रांगेतल्या दोघी हळूच घरी निघून गेल्या.

मग उलगडा झाला. घनश्यामजींनी हिंदीतलं ऐकलं होतं, मी मराठीतलं धरून बसलो होतो, आणि नागपूरच्या वसंतरावांना यातलं काही स्वप्नातही नव्हतं. सत्यभामा आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करू लागली.

"वसंता धड आहे नं?"

"धडधाकट आहे. दिवाळीला माझं नवं धोतर घेऊन गेलाय."

"मंग तो खून लिवला का तुमी?"

"नाही."

"अन् आज नाही गेला तं?"

"तर ते दुसऱ्याचं पुस्तक छापतील," मी म्हणालो. लपवण्यात अर्थ नव्हता. मला लेखक व्हायचं होतं हो. कव्हरावर आपलं नाव असावं, ते कुठल्या तरी स्टेशनवर दोरीला टांगलेलं असावं आणि कुणी अनोळखी माणसानं गाडीतून हात काढून ते विकत घ्यावं, एवढंच माझं म्हणणं होतं. आणि एका माणसाला मारता येत नाही म्हणून ते राहून जाणार होतं.

सत्यभामेनं पदरानं डोळे पुसले. रक्त द्यायला जमलेली गल्लीही घरी जाईना. एवढ्या तयारीनं येऊन नुसतं परत कसं जायचं?

"बसा," सत्यभामा म्हणाली. "गाडीले येळ आहे. मी सांगतो, तुमी लिवा."

"पण मारायचं कुणाला?"

"मले आता नाही मराचं," शांताबाई लांबूनच म्हणाल्या. "विळा म्हणे."

भैयालाल गुप्तहेर, म्हणून तोही सुटला. सत्यभामेनं थोडा विचार केला.

"तो एक कारकून आहे नं? तो काय करते गोष्टीत?"

"तो विचार करतो. तो गोष्टीचा आत्मा आहे."

"मंग होऊ द्या त्याचा आत्मा."

आमच्या गल्लीचं आजवर नळाच्या पाण्यावरून एकमत झालेलं नाही, पण कारकुनावरून झालं. मी खूप विनवण्या केल्या. निदान मरताना त्याला चार खोल वाक्यं बोलू द्या म्हटलं. "मरणारा माणूस येवढा बोलत नाही," असं म्हणून सत्यभामेनं तीही कापली. मग ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. कारकून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून भाजीत मीठ किती घालावं हे बायामाणसांना शिकवत असतो. तेवढ्यात मागून एक सावली येते. सावलीच्या हातात वरवंटा असतो. वरवंटा कुठे बसला, किती जोरानं बसला, कारकून कोणत्या कुशीवर पडला, हे तिनं इतकं बारकाईनं सांगितलं की मी लिहिता लिहिता पाठ भिंतीला टेकवून बसलो.

शाई वाळायच्या आत भैयालाल पानं घेऊन छोट्या गाडीनं गोंदियावरून नागपूरला निघाला. तो तयारीनं आलाच होता. बाह्या तेवढ्या खाली केल्या. त्याला पोचवायला सगळी गल्ली स्टेशनावर गेली.

आणि पुस्तक निघालं. कव्हरावर मुडदा, मुडद्याखाली माझं नाव. शांताबाईंनी गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येक घरी आपला चहा कोणत्या पानावर आहे ते उघडून दाखवलं. घनश्यामजींनी न वाचताच पुस्तक उत्तम असल्याचं जाहीर केलं. सत्यभामेनं एक प्रत देवाजवळ ठेवली, मुडदा खाली करून. मी आठ दिवस पानं उलटसुलट करत माझं नाव वाचत होतो. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. (हे वाक्य सत्यभामेला वाचून दाखवलेलं नाही.)

पुढच्या महिन्यात एका लग्नाला आम्ही दोघं गोंदियाला निघालो. समोरच्या बाकावर एक अनोळखी गृहस्थ बसले होते आणि त्यांच्या हातात माझं पुस्तक होतं. ते शेवटचं पान मिटेपर्यंत मी दम धरला. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कसं आहे हो पुस्तक?"

"एक नंबर," ते म्हणाले. "खून तं असा लिवला आहे का विचारू नका. पण लेखकाचं एक मले समजलं नाही. त्या कारकुनाले दीडशे पानं काहून जगवला? पयल्याच पानावर मराले पाहिजे होता."

आपणच लेखक, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. सत्यभामेनं चिवड्याचा पुडा त्या गृहस्थांच्या पुढे केला.

"हौ भाऊ," माझ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली. "पण मले यायनं बलावलंच उशिरा."